मे महिन्यातला लॅपटॉप: स्पीड किती हवा, आणि तो किती वेळ टिकायला हवा?



प्रश्न ठरलेला असतो. "सर, आय-७ घेऊ का आय-९?" विचारणारा कधी इंटेरियरवाला असतो, कधी लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा, कधी ड्रोन सर्व्हे करणारा, कधी साइटवर थ्रीडी मॉडेल दाखवणारा बिल्डर. सगळ्यांनी दुकानात जायच्या आधी चार-पाच बेंचमार्कचे व्हिडिओ बघितलेले असतात. मी उलटा प्रश्न विचारतो: तुमच्या ऑफिसात मे महिन्यात दुपारी तीन वाजता टेंपरेचर किती असतं?

लोकांना वाटतं सर विषय बदलत आहेत. पण विषय तोच आहे.

आपलं गाव नागपूर आहे. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदवले गेले. नवतपा लागला की ४४-४५ ची बातमी बातमी राहत नाही. आता तुमच्या लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर जा आणि माहितीपत्रकात अगदी शेवटी, जिथे कोणी बघत नाही तिथे, वापरायच्या जागेचं तापमान दिलेलं असतं ते वाचा. वर्कस्टेशन लॅपटॉप विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या बहुतेक मॉडेलवर तिथे वरची मर्यादा ३५ अंश लिहिलेली असते. पस्तीस! म्हणजे स्लॅबखालच्या पहिल्या मजल्यावरच्या, एसी नसलेल्या ऑफिसात मे महिन्यात काम करणारा माणूस दीड-दोन लाखाचं मशीन कंपनीने सांगितलेल्या हद्दीच्या बाहेर चालवत असतो. आणि मग म्हणतो, "हँग होते बाप्पा."

आज आपण हेच नीट समजून घेऊ. खोक्यावर छापलेला स्पीड म्हणजे काय, तो उन्हाळ्यात कुठे जातो, आणि धंद्यासाठी मशीन घेताना त्या स्पीडपेक्षा जास्त किंमत कशाला द्यायची.

खोक्यावरचा आकडा कोणत्या मिनिटाचा?

एक उदाहरण घेऊ. इंटेलचा कोअर आय-९ १४९००एचएक्स. मोठ्या, जाड लॅपटॉपमध्ये येणारा प्रोसेसर. २४ कोर, कमाल स्पीड ५.८ गिगाहर्ट्झ. दुकानदार हेच सांगतो. पण इंटेलच्याच माहितीपत्रकात आणखी तीन आकडे आहेत. मोठ्या कोरचा बेस स्पीड २.२ गिगाहर्ट्झ, बेस पॉवर ५५ वॅट आणि कमाल टर्बो पॉवर १५७ वॅट.

म्हणजे काय, तर कंपनी खात्रीने म्हणते की ५५ वॅट खाऊन हा २.२ च्या स्पीडने चालत राहील. ५.८ ही त्याची उडी आहे, तीही सगळ्या २४ कोरची नाही, एक-दोन कोर मोकळ्या मैदानात असले तरची. या दोन आकड्यांच्या मधला सगळा प्रदेश लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीवर, त्या लॅपटॉपच्या पंख्यांवर आणि तुमच्या खोलीच्या हवेवर सोडलेला आहे. तोच प्रोसेसर एका लॅपटॉपमध्ये सलग १०० वॅट घेऊन चालतो, दुसऱ्या पातळ लॅपटॉपमध्ये ६० वर येऊन बसतो. खोक्यावरचं स्टिकर दोन्हीकडे सारखंच.

कळमन्याच्या मार्केटमध्ये गेला असाल तर हे लगेच कळेल. एक हमाल सकाळी जोशात दोन-दोन पोती उचलतो, दहा खेपा मारतो आणि मग सावलीत जाऊन बसतो. दुसरा एकच पोतं उचलतो, पण संध्याकाळपर्यंत थांबत नाही. ट्रक कोण रिकामा करतो? बेंचमार्कचा व्हिडिओ बहुतेक वेळा पहिल्या दहा खेपा मोजतो.

तांत्रिक भाषेत याला दोन पॉवर लिमिट म्हणतात. थोड्या वेळासाठीची मोठी आणि कायमची लहान. काम सुरू झालं की प्रोसेसर मोठी लिमिट वापरतो, ठरलेले काही सेकंद संपले की लहानवर येतो. आणि त्याच्याही वर एक राजा आहे: तापमान. बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचला की बाकी सगळे नियम बाजूला, प्रोसेसर आपला स्पीड कमी करतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. हा बिघाड समजू नका. प्रोसेसर स्वतःचा जीव वाचवत असतो.

२०१८ चा फ्रीजरवाला किस्सा

जुलै २०१८ मध्ये ॲपलने १५ इंची मॅकबुक प्रो आय-९ सोबत आणला. डेव्ह ली नावाच्या यूट्यूबरने त्यावर प्रीमियर प्रोमध्ये एक व्हिडिओ एक्स्पोर्ट करून बघितला. सुमारे ३९ मिनिटं लागली. आदल्या वर्षीच्या आय-७ वाल्या मॅकबुकला तेच काम सुमारे ३५ मिनिटांत जमत होतं. नवा, महाग, सहा कोरचा आय-९ जुन्या आय-७ च्या मागे पडला! मग त्या पठ्ठ्याने लॅपटॉप फ्रीजरमध्ये ठेवला आणि तेच एक्स्पोर्ट पुन्हा लावलं. सुमारे २७ मिनिटं.

प्रोसेसर तोच, सॉफ्टवेअर तेच, फाइल तीच. फरक फक्त आजूबाजूच्या हवेचा. ॲपलने काही दिवसांतच सॉफ्टवेअरमधली चूक मान्य करून अपडेट दिला आणि परिस्थिती बरीच सुधारली. पण एक्स्पोर्ट लावून चहा प्यायला जाणाऱ्या प्रत्येक एडिटरने हा किस्सा लक्षात ठेवावा. (तुम्ही लॅपटॉप फ्रीजरमध्ये ठेवू नका हो. बाहेर काढल्यावर आत पाणी जमेल आणि पुढचा व्हिडिओ रिपेअरवाल्याकडे शूट करावा लागेल.)

नागपूरचा हिशोब

आता पाटीवर मांडतो तसा हिशोब मांडू. अगदी ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे.

उष्णता बाहेर जाते ती तापमानाच्या फरकामुळे. प्रोसेसरची मर्यादा १०० आणि खोली २५ अंशांची, म्हणजे फरक ७५. ज्या थंड खोलीत ते व्हिडिओ बनतात ती ही. तुमची खोली ४२ अंशांची, फरक राहिला ५८. तेच पंखे, तीच तांब्याची नळी, पण उष्णता फेकायची ताकद ७५ वरून ५८ वर आली. म्हणजे जवळपास २३ टक्के कमी. थंड खोलीत सलग ९० वॅट झेपणारा लॅपटॉप इथे ७० च्या आसपास येणार.

आता गंमत बघा. वॅट २३ टक्के कमी झाले म्हणजे स्पीड २३ टक्के कमी झाला का? नाही. प्रोसेसरला जास्त स्पीड हवा असेल तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि खर्च होणारी पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. स्पीड आणि व्होल्टेज दोन्ही एकदम वाढतात म्हणून शेवटचा थोडासा स्पीड फार महाग पडतो. उलट बाजूने, तो शेवटचा स्पीड सोडला की वॅट धडाधड खाली येतात. वरच्या हिशोबात २३ टक्के वॅट गेले तरी स्पीड साधारण ८ ते १० टक्केच जाईल.

म्हणजे बातमी चांगली आहे ना? अर्धी. कारण लॅपटॉप म्हणजे फक्त प्रोसेसर नाही. त्याच बंद डब्यात ग्राफिक्स कार्ड आहे, आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये दोघांच्या तांब्याच्या नळ्या एकत्र जोडलेल्या असतात. रेंडर ग्राफिक्स कार्डवर चाललंय आणि प्रोसेसर त्याच्या उष्णतेने तापतोय, हे नेहमीचं. बाजूला रॅम, एसएसडी, व्होल्टेज देणारे बारके भाग, आणि खाली बॅटरी. प्रोसेसर स्वतःला वाचवतो. बाकीच्यांपैकी कोणी वाचवतं, कोणी नाही. एसएसडी तापली की कॉपी हळू होते. व्होल्टेज देणारा भाग तापला की काही लॅपटॉप प्रोसेसरला एकदम खाली दाबतात, मग सोडतात, मग पुन्हा दाबतात. स्क्रीनवर तुम्हाला दिसतं ते असं: दहा सेकंद मख्खन, पाच सेकंद गाडी अडकली, पुन्हा मख्खन. सरासरी काढली तर ठीक दिसतं, पण काम करणाऱ्याचं डोकं फिरतं. आणि बॅटरी? ती काही बोलत नाही, गुपचूप म्हातारी होते. दोन-तीन उन्हाळे चार्जरला लावून १०० टक्क्यांवर ठेवलेला लॅपटॉप, मग टचपॅड वर यायला लागतं, कारण खालची बॅटरी फुगलेली असते. तसं दिसलं तर वापर थांबवा आणि सरळ सर्व्हिस सेंटर गाठा, दाबून बसवायला जाऊ नका.

बंद पडणं परवडतं, चुकणं परवडत नाही

स्टेबिलिटी म्हटलं की लोक फक्त हँग आणि निळी स्क्रीन धरतात. माझ्या मते ती त्यातल्या त्यात बरी. मशीन बंद पडलं तर कळतं तरी. खरी भीती आहे ती चालू राहून चुकणाऱ्या मशीनची.

आठवतं का, मे २०२४ च्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते? देशभर बातमी झाली, व्हॉट्सॲपवर नुसता धुमाकूळ. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरमध्ये बिघाड होता. आता विचार करा. ते यंत्र बंद पडलं नव्हतं. लाल दिवा लागला नव्हता. त्याने अगदी व्यवस्थित आकडा दिला, फक्त तो खोटा होता. ५६ हा आकडा इतका अचाट होता म्हणून लोकांना शंका आली. ४६ दाखवला असता तर कोणी विचारलंही नसतं.

तुमच्या एस्टिमेटच्या शीटमध्ये, तुमच्या स्लॅबच्या डिझाइनमध्ये, ड्रोनच्या फोटोंवरून काढलेल्या खोदकामाच्या घनमीटरमध्ये असा एक आकडा बदलला तर? मेमरीतला एक बिट उलटा झाला की एवढंच होतं. कधी प्रोग्राम कोसळतो, कधी फाइल खराब होते, कधी काहीच दिसत नाही. म्हणून सर्व्हरमध्ये ईसीसी नावाची मेमरी वापरतात. ती एका बिटाची चूक स्वतः पकडते आणि दुरुस्त करते. काही मोठ्या वर्कस्टेशन लॅपटॉपमध्येही ईसीसीचा पर्याय मिळतो. महाग असते, सहज मिळत नाही, आणि प्रत्येक प्रोसेसरला चालत नाही. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याला तिची गरज नाही, एखाद्या फ्रेममध्ये एक ठिपका हिरवा आला तर नवरदेव काही भांडायला येत नाही. पण स्ट्रक्चरल कन्सल्टंट आणि मोजमापाच्या आकड्यांवर बिल काढणारे यांनी निदान चौकशी करावी.

२०२४ चंच आणखी एक प्रकरण. इंटेलच्या डेस्कटॉपच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले वरच्या श्रेणीचे प्रोसेसर जगभर कोसळायला लागले. लोकांना मेसेज यायचा की ग्राफिक्स कार्डची मेमरी संपली. लोकांनी ग्राफिक्स कार्डं बदलली! दोष प्रोसेसरचा निघाला. कॉम्प्रेस केलेली फाइल उघडताना प्रोसेसर चुका करत होता. इंटेलने तपास करून सांगितलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यामुळे आतला एक भाग वेळेआधी झिजत होता. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये दुरुस्तीचे अपडेट आले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. झिजलेला प्रोसेसर मात्र अपडेटने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. लॅपटॉपच्या प्रोसेसरना हा दोष नाही, असं इंटेलने स्पष्ट केलं. काही गेम बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं की लॅपटॉपवरही तसे क्रॅश दिसतात, इंटेलने त्यांची कारणं वेगळी असल्याचं सांगितलं. आपल्याला त्या वादात पडायचं नाही. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की शेवटचा स्पीड पिळून काढायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता दोन्ही मिळून चिपचं आयुष्य खातात. बायोसचा अपडेट "नंतर करू" म्हणून ढकलू नका, हेही त्यातून शिकावं.

यावरून एक प्रश्न नेहमी येतो: अंडरव्होल्ट करू का? म्हणजे सॉफ्टवेअरने व्होल्टेज थोडं कमी करायचं, स्पीड तोच ठेवायचा, लॅपटॉप थंड. ऐकायला फुकटचं जेवण वाटतं. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेची त्रुटी उघड झाली, त्यानंतर बऱ्याच लॅपटॉपमध्ये ही सोय कंपन्यांनी बंदच करून टाकली. तुमच्याकडे उघडी असली तरी धंद्याच्या मशीनवर माझं उत्तर नाही असंच आहे. कंपनीने व्होल्टेजमध्ये थोडी शिल्लक ठेवलेली असते, चिप जुनी होईल, तापेल, तेव्हासाठी. ती शिल्लक तुम्ही पहिल्याच दिवशी खर्च केली तर चूक होईल ती डिसेंबरात होणार नाही. होईल मेमध्ये, डिलिव्हरीच्या आदल्या रात्री. गेमिंगच्या लॅपटॉपवर पोरं करतात, करू द्या.

थंड ठेवायचा सरळ मार्ग दुसरा आहे: वॅट कमी करा, व्होल्टेजला हात लावू नका. प्रत्येक मोठ्या कंपनीच्या लॅपटॉपमध्ये तिचं स्वतःचं ॲप येतं, त्यात परफॉर्मन्स, बॅलन्स्ड, क्वाएट किंवा कूल असे मोड असतात. उन्हाळ्यात लांबच्या कामाला बॅलन्स्डवर ठेवून बघा. यूट्यूबवर एक युक्ती फिरते, विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ करायचं. त्याने टर्बो बंद होतो, लॅपटॉप खरंच थंड होतो. पण वरचं उदाहरण आठवा: टर्बो पूर्ण बंद म्हणजे ५.८ चा घोडा थेट २.२ वर. रात्रभर चालणाऱ्या कामाला एक वेळ चालेल, दिवसा काम करताना वैताग येईल. आणि बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये तो पर्याय दिसतही नाही.

दहा टक्के सोडायचे का? पैशात सांगा

समजा लग्नाचा पूर्ण व्हिडिओ आहे, परफॉर्मन्स मोडवर सहा तासांचं रेंडर. बॅलन्स्डवर दहा टक्के जास्त वेळ, म्हणजे ३६ मिनिटं जादा. आता परफॉर्मन्सवर मशीन मध्येच बंद पडलं तर सरासरी तीन तास वाया. पाच रेंडरमध्ये एकदा बंद पडत असेल तर हिशोब बरोबरीत सुटतो. त्यापेक्षा जास्त वेळा पडत असेल तर हळू मशीन जिंकलं.

प्रामाणिकपणे बघितलं तर पाचात एकदा हे खूप झालं. वीस रेंडरमध्ये एकदाच बंद पडत असेल तर नुसत्या तासांच्या हिशोबात फास्ट मोडच पुढे राहील. पण गिऱ्हाइकाला तुम्ही तास विकता का? तुम्ही तारीख विकता. रात्री अकराला लावलेलं रेंडर सकाळी सहाला तयार हवं असतं. ते ६ तास ३६ मिनिटांत, म्हणजे पावणेसहाच्या आत झालं तर कोणी विचारणार नाही. पहाटे तीनला बंद पडून सकाळी तसंच पडलेलं दिसलं तर दिवस गेला. म्हणून माझा नियम: समोर बसून करायचं काम परफॉर्मन्सवर, झोपून जायचं काम बॅलन्स्डवर. स्केचअपमध्ये मॉडेल फिरवणं, ऑटोकॅड, टाइमलाइनवर कटिंग, ही कामं झटक्याझटक्याची असतात. तिथे टर्बोचा खरा फायदा मिळतो आणि मशीनला मधे श्वास घ्यायला वेळही मिळतो.

घ्यायच्या आधी आणि घेतल्यावर

एकाच बजेटमध्ये पातळ आय-९ आणि जाड आय-७ समोर असतील तर मी डोळे झाकून जाड आय-७ सांगतो, आणि उरलेले पैसे रॅममध्ये टाकायला सांगतो. रॅम कमी पडली की मशीन एसएसडीवर ढकलाढकली करतं, त्यापुढे प्रोसेसरचा कुठलाही आकडा उपयोगाचा नाही. रिव्ह्यू बघताना कमाल स्कोअर सोडा. अर्ध्या तासाच्या लोडनंतर किती वॅट टिकले, तो आलेख शोधा. नसेल दाखवला तर दुसरा रिव्ह्यू बघा.

वर्कस्टेशन म्हणून विकल्या जाणाऱ्या मशीनवर "सर्टिफाइड" असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने त्या मॉडेलवर, ठरावीक ग्राफिक्स ड्रायव्हरसकट, आपलं सॉफ्टवेअर तपासलेलं आहे. त्याने स्पीड एक पैसा वाढत नाही. पण सॉफ्टवेअर अडकल्यावर सपोर्टला फोन केला की "तुमचं मशीन यादीत नाही" हे ऐकावं लागत नाही. तीन-चार महागडी लायसन्स चालवणाऱ्या फर्मला याची किंमत आहे. एकट्या फ्रीलान्सरला बहुतेक वेळा नाही.

आणि एक कडू प्रश्न: तुम्ही लॅपटॉप खरंच उचलून नेता का? महिन्यात एकदा बर्डीवर क्लायंटकडे दाखवायला न्यायचा आणि बाकी २९ दिवस टेबलावर, तर त्याच पैशात डेस्कटॉप घ्या आणि दाखवायला एक साधा लॅपटॉप ठेवा. मोठा डबा, मोठा पंखा, तोच प्रोसेसर न धापता चालतो.

घेतला असेल तर एक परीक्षा करा, फुकटची आहे. एचडब्ल्यू-इन्फो नावाचं प्रोग्राम टाका, त्यात प्रोसेसरचं तापमान, वॅट आणि स्पीड एकत्र दिसतात. सिनेबेंच दहा-दहा मिनिटं तीनदा लागोपाठ चालवा. सकाळी सातला एकदा, दुपारी तीनला एकदा, दोन्ही वेळा चार्जर लावून. पहिल्या आणि तिसऱ्या स्कोअरमध्ये किती फरक, आणि सकाळ-दुपारमध्ये किती, हे कागदावर लिहा. दुपारचा तिसरा आकडा हाच तुमच्या मशीनचा खरा स्पीड. थोडी घट होणारच. पण आकडा निम्म्यावर आला तर आत धूळ आहे, पेस्ट सुकली आहे किंवा पंखा गेला आहे. आपल्याकडे सिमेंट रस्त्यांची धूळ एवढी की वर्षातून एकदा, होळीच्या आसपास, लॅपटॉप उघडून साफ करून घेतलाच पाहिजे.

चार्जरचंही बघा. मोठ्या लॅपटॉपचा वीट-चार्जर २०० वॅटच्या वर असतो, आणि जड म्हणून लोक तो घरी ठेवून १०० वॅटचा टाइप-सी चार्जर घेऊन फिरतात. मग मशीन हळू का? कारण त्याला खायलाच कमी मिळतंय. काही मॉडेल तर चार्जर ओळखू आला नाही की मुद्दाम अगदी खालच्या स्पीडवर जाऊन बसतात.

मशीन आपोआप रीस्टार्ट होत असेल तर विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा. कर्नल-पॉवर ४१ एवढंच सांगतो की मशीन नीट बंद न होता सुरू झालं, त्यावरून प्रोसेसरला दोष देऊ नका, वीज गेली आणि बॅटरी मेलेली असली तरी तोच येतो. कर्नल-प्रोसेसर-पॉवर ३७ दिसला तर प्रोसेसरचा स्पीड मशीननेच दाबून धरला होता. आणि डब्ल्यूएचईए-लॉगर नावाने नोंदी असतील तर हार्डवेअर स्वतः चूक झाल्याचं सांगतंय. या तिसऱ्या प्रकारच्या नोंदी वारंवार दिसल्या तर आधी डेटाचा बॅकअप, मग सर्व्हिस सेंटर, आणि त्या नोंदींचा फोटो काढून सोबत न्या. "हँग होते" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा नोंद दाखवणाऱ्याचं काम लवकर होतं.

कूलरबद्दल दोन शब्द, कारण नागपुरात हा प्रश्न टाळता येत नाही. मेच्या कोरड्या हवेत कूलरने खोली चांगलीच खाली येते, आणि लॅपटॉपला ते हवंच आहे. फक्त लॅपटॉप कूलरच्या थेट तोंडासमोर ठेवू नका. ओल्या हवेसोबत पाण्याचे बारीक शिंतोडे आणि क्षार येतात, ते पंख्यावर आणि जाळीवर बसतात आणि धुळीला चिकटून घट्ट होतात. खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेबल, आणि खिडकी उघडी. जूनमध्ये पाऊस लागला की कूलर काही कामाचा राहत नाही, उकाडा आणि ओल दोन्ही. ज्यांचं पोट रेंडरवर चालतं त्यांनी आय-९ च्या फरकाचे पैसे बाजूला ठेवून त्या एका खोलीला एसी लावावा. तो मशीनलाही लागतो आणि माणसालाही. वीजबिलाचा खर्च धंद्यात धरा.

शेवटी वॉरंटीचं गणित. आपल्याकडे लॅपटॉप दिवाळीत घेतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा छान, मशीन छान. पहिला मे येतो तेव्हा वॉरंटी चालू असते, पण मशीन नवं असतं, सगळं निभावतं. धूळ भरते, पेस्ट सुकते, बॅटरी थकते ती दुसऱ्या उन्हाळ्यात, आणि तोवर एक वर्षाची वॉरंटी संपून सहा महिने झालेले असतात. म्हणून वर्कस्टेशन घेताना तीन वर्षांची, जागेवर येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी पहिल्याच दिवशी मागा, बिल फर्मच्या जीएसटी नंबरवर घ्या, आणि ती दुपारची तीन वाजताची परीक्षा दरवर्षी एप्रिलमध्ये करून आकडे त्याच बिलाच्या फाइलला लावून ठेवा.